क्रोम घ्यावा की काळा? पहिला जुना फिल्म कॅमेरा घेताना

जुना फिल्म कॅमेरा घ्यायचं ठरलं की पहिले काही आठवडे मॉडेल कुठलं यातच जातात, आणि एकदाचं मॉडेल ठरलं की तेच मॉडेल समोर दोन रंगांत येऊन उभं राहतं, एक चंदेरी म्हणजे क्रोम, एक काळा, आणि काळ्याचा भाव चढा, कधी थोडासा तर कधी डोळे विस्फारतील इतका, मग गाडी तिथेच अडते. हा प्रश्न मला इतक्या नवीन लोकांनी विचारलाय की म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच काढूया.

सगळ्यात आधी हे पक्कं करा की आतलं मशीन दोन्हीत तेच असतं. शटर तेच, माउंट (लेन्स जिथे बसते ती कडी) तोच, व्ह्यूफाइंडर तोच, रोल टाकून फोटो काढलात तर निगेटिव्ह बघून कोणी सांगू शकणार नाही की कॅमेरा कुठल्या रंगाचा होता. फरक फक्त वरच्या कातडीचा. पण ती कातडी कशाची आहे, तिच्याखाली कुठला धातू आहे, आणि ती कारखान्यातच चढली होती की नंतर कोणी चढवली, हे तीन प्रश्न लावून धरलेत तर क्रोम की काळा याचं उत्तर निम्मं तिथेच मिळतं. म्हणून मी रंगापासून सुरुवात न करता धातूपासून करतोय.

पायरी १ : काळा म्हणजे कुठला काळा, ते ओळखा

क्रोमचं त्या मानाने सोपं आहे. जुन्या चांगल्या कॅमेऱ्यांची टॉप प्लेट, म्हणजे वरचं झाकण, बहुतेक वेळा पितळेची असते, तिचा पृष्ठभाग आधी बारीक खरखरीत करतात, त्यावर निकेलचा थर आणि सगळ्यात वर क्रोमचा पातळ मुलामा. त्या खरखरीतपणामुळे तो स्टीलच्या वाटीसारखा चकाकत नाही, दुधाळ चंदेरी दिसतो, त्याला सॅटिन क्रोम म्हणतात. क्रोम फार कठीण धातू आहे, खिशातल्या किल्ल्या, पट्ट्याची बकलं, वर्षानुवर्षं हाताळणं, हे सगळं तो निमूट सोसतो. साठ वर्षांचा क्रोम कॅमेरा ओल्या फडक्याने पुसला की पाच-दहा वर्षांचा वाटतो ना, त्याचं कारण हेच.

काळ्यात मात्र निदान चार प्रकार आहेत आणि नवीन माणूस इथेच फसतो, कारण विकणारा फक्त ब्लॅक एवढंच लिहितो.

पहिला, ब्लॅक पेंट. पितळेवर एनॅमलसारखा रंग देऊन तो भट्टीत भाजलेला. दिसायला ओलसर, खोल, चमकदार काळा. हा झिजतो, आणि झिजला की कडांवर खालचं पिवळं पितळ दिसायला लागतं, त्यालाच ब्रासिंग म्हणतात आणि लोक ज्याच्यामागे वेडे होतात ते हेच. दुसरा, ब्लॅक क्रोम. हा रंग नव्हे, मुलामा आहे, पेंटपेक्षा मॅट आणि पेंटपेक्षा खूप टिकाऊ, जर्मनीच्या लायका कंपनीने १९७१ च्या एम५ वर तो आणला आणि पुढे बरीच वर्षं त्यांच्याकडे काळा म्हणजे ब्लॅक क्रोमच होता. तिसरा, ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम, हा जास्त करून लेन्सच्या नळीवर भेटेल, झिजला की खालून चंदेरी-पांढरट दिसतो. आणि चौथं, प्लास्टिक.

प्लास्टिक म्हटल्यावर नाक मुरडू नका. कॅनन एई-१ (१९७६) हा जगात प्रचंड खपलेला कॅमेरा, त्याचं वरचं कव्हर एबीएस प्लास्टिकचं आहे, आणि त्यावर असं फिनिश दिलंय की क्रोम मॉडेल सॅटिन क्रोम धातूसारखं आणि काळं मॉडेल काळ्या एनॅमलसारखं दिसावं. खालची प्लेट पितळेची. कॅमेरा उत्तम आहे, पण "छान ब्रासिंग येईल" म्हणून कोणी काळा एई-१ जास्त पैसे देऊन घेत असेल तर त्याने हे आधी माहिती करून घ्यावं.

आणि धातूही सगळा पितळ नसतो. लायका एम६ (१९८४) ची टॉप प्लेट झिंकची ओतीव आहे, आणि बऱ्याच एम६ वर वर्षांनंतर फिनिशच्या खाली बारीक फोड आलेले दिसतात, भिंतीला ओल येऊन रंग फुगतो ना अगदी तसे. तो फोड पुसून जात नाही, खालचा धातूच खराब होत असतो. लायकाने २००३ च्या एमपी ला परत पितळ घेतलं, आणि २०२२ मध्ये एम६ नव्याने काढला तेव्हा त्यालाही पितळेची टॉप प्लेट आणि काळा पेंट दिला. म्हणजे नाव एम६, रंग काळा, आणि तरी दोन पूर्ण वेगळ्या वस्तू.

पायरी २ : काळा महाग का, हे समजून घ्या

हे मला मनापासून आवडतं, कारण गोष्ट आधी अगदी उलटी होती.

लायका १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत पहिल्यांदा लोकांसमोर आला तेव्हा तो काळाच होता, काळा एनॅमल आणि निकेलचे नॉब. झाइस आयकॉन या दुसऱ्या जर्मन कंपनीचा पहिला कॉन्टॅक्स, १९३२ चा, तोही काळा. तेव्हा काळा हा नेहमीचा रंग. मग १९३३ मध्ये लायका ३ बरोबर क्रोम आला, १९३६ चा कॉन्टॅक्स २ क्रोममध्ये आला, आणि क्रोम हा नवा, आधुनिक, जास्त टिकणारा म्हणून लोकांना हवासा झाला. काळा मागे पडला तो जुन्या पद्धतीचा म्हणून.

१९५४ ला लायका एम३ आला तो क्रोममध्येच. पण वर्तमानपत्रं आणि मासिकांसाठी काम करणाऱ्या फोटोग्राफरांना क्रोमची अडचण व्हायची, ऊन पडलं की टॉप प्लेट चमकते आणि समोरच्या माणसाचं लक्ष जातं. फ्रेंच फोटोग्राफर हेन्री कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाच्या चमकणाऱ्या भागांवर काळी टेप लावायचा, ही तर प्रसिद्ध गोष्ट आहे. हाच तो माणूस जो १९४८ च्या जानेवारीत दिल्लीत गांधीजींना भेटला होता आणि ज्याने त्यांच्या अंत्ययात्रेचे फोटो काढले. अशा लोकांची गरज म्हणून पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी एम३ आणि एम२ काळ्या पेंटमध्ये थोडे थोडे निघायला लागले. एम३ एकूण सव्वादोन लाखांच्या घरात बनले, त्यातले कारखान्यातून काळे निघालेले अगदी मोजके. त्यात ते ज्यांच्या हातात पडले त्यांनी ते युद्धात, दंगलीत, पावसात वापरून पार झिजवले, त्यामुळे चांगले उरलेले अजून कमी. फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकनचा काळा लायका एम३डी २०१२ मध्ये व्हिएन्नाच्या लिलावात १६.८ लाख युरोला गेला.

जपानकडेही तोच धडा. निकॉन एफ १९५९ चा, क्रोम आणि काळा दोन्ही, आणि व्हिएतनाम युद्ध कव्हर करणाऱ्यांच्या गळ्यात निकॉन दिसायला लागला तसं काळा म्हणजे प्रोफेशनल हे समीकरण पक्कं बसलं. मग कंपन्यांनी साध्या घरगुती कॅमेऱ्यांचेही काळे अवतार काढले, थोडे जास्त पैसे लावून.

म्हणजे काळा महाग आहे तो कमी बनला म्हणून आणि त्याच्यामागे ही सगळी कहाणी आहे म्हणून. काळ्यात यंत्र चांगलं असतं हा समज डोक्यातून काढून टाका.

पायरी ३ : तुमच्या मॉडेलमध्ये कुठला रंग दुर्मिळ आहे ते बघा

सरसकट "काळा दुर्मिळ" असं नसतं, हे प्रत्येक मॉडेलला वेगळं आहे आणि हे न बघता जास्त पैसे दिले की गेलेच समजा.

पेंटॅक्स स्पॉटमॅटिक, कॅनोनेट क्यूएल१७ जीथ्री, ऑलिंपस ट्रिप ३५, यात क्रोम ढिगाने मिळतो आणि काळा शोधावा लागतो, तेव्हा काळ्याला जास्त भाव असणं रास्त आहे. यशिका इलेक्ट्रो ३५ चं तर फारच छान आहे, तिथे रंगाप्रमाणे नावच बदलतं, क्रोमचा जीएसएन आणि काळ्याचा जीटीएन, बाकी कॅमेरा तोच, लेन्स तीच ४५ एमएम एफ१.७. त्यामुळे समोर काळा यशिका आहे आणि त्यावर जीएसएन लिहिलंय असं दिसलं तर लगेच समजायचं की कोणीतरी घरी रंगवलाय. नवीन माणसाला इतकी सोपी खूण फार कमी कॅमेऱ्यांत मिळते.

उलट कॅनन ए-१ (१९७८) काळाच यायचा. निकॉन एफ३ (१९८०) नेहमीचा काळाच. मिनोल्टा एक्स-७०० ही बहुतेक काळाच दिसतो. यांच्यासाठी "रेअर ब्लॅक" म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर सरळ पुढे चला. एफ३ मध्ये टायटॅनियमचा एफ३/टी निघाला होता, तो फिकट शँपेन रंगातही आला आणि काळ्यातही, तिथे शोधणारे लोक फिकट रंगालाही तेवढाच मान देतात.

निकॉन एफएम, एफई, एफएम२, ऑलिंपस ओएम-१ या मधल्या गटात दोन्ही रंग बऱ्यापैकी मिळतात. इथे काळ्याला थोडे जास्त ठीक आहे, पण दीडपट-दुप्पट देऊ नका, तेवढ्यात एक चांगली लेन्स येते.

पायरी ४ : कॅमेरा कपाटात राहणार की गळ्यात, हे खरं खरं ठरवा

वापरायलाच घेताय, पहिलाच कॅमेरा आहे, आणि बजेट ठरलेलं आहे, तर माझा सल्ला सरळ आहे, क्रोम घ्या. त्याच पैशात क्रोम जास्त चांगल्या कंडिशनमध्ये मिळतो, आणि वाचलेले पैसे सर्व्हिसिंगला ठेवा. जुन्या कॅमेऱ्याला सर्व्हिसिंग लागतंच, शटरचे स्लो स्पीड अडकतात, मागच्या दाराचा फोम चिकट होऊन विरघळतो, उजेड मोजणारा मीटर मंदावतो. ओएम-१, स्पॉटमॅटिक यांच्यासारख्या जुन्या मॉडेलचे मर्क्युरी सेलही आता मिळत नाहीत, त्याची सोय वेगळी करावी लागते. रंगात पैसे घातले आणि शटर १/३० सेकंदाच्या खाली बंद, अशी अवस्था नको.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करा. मे महिन्यात अर्धा तास उघड्यावर काळी मेटल बॉडी गळ्यात असली की हाताला चांगलीच तापलेली लागते, क्रोम त्या मानाने कमी तापतो. आत फिल्म आहे, तिला उष्णता आवडत नाही. यासाठी कोणी काळा नाकारावा असं मी म्हणत नाही, पण वारीत चालत चालत फोटो काढायचे बेत असतील तर हेही मोजा.

काळा कोणी घ्यावा? ज्याला कॅमेरा वर्षानुवर्षं वापरायचाय आणि तो आपल्या हाताने झिजताना बघायचाय त्याने. माझे मामा लग्नाचे फोटो काढायचे, त्यांचा काळा एफएम२ आता माझ्याकडे आहे. त्याच्या प्रिझमच्या (वरच्या मधल्या उंचवट्याच्या) दोन्ही कडा पिवळ्या झाल्यात, बॅगेतून काढघाल करून. पट्ट्याची कडी जिथे घासायची तिथे दोन्ही बाजूंना एकेक चंद्रकोर पडलीय. आणि खालच्या प्लेटवर, फ्लॅशची ब्रॅकेट आवळायची तिथे, एक अख्खा चौकोन पितळ उघडं आहे, कडेला काळा आणि मध्ये सोन्यासारखं. बाकी बॉडी अजून काळीभोर. हे कोणी मुद्दाम केलेलं नाही, पंचवीस वर्षांचे लग्नाचे मुहूर्त आहेत ते. असा कॅमेरा हातात घेतला की काळ्या पेंटचं प्रेम कशाला म्हणतात ते कळतं, आणि म्हणूनच मला नकली ब्रासिंगचा इतका राग येतो.

संग्रहासाठीच घेणार असाल तर दोन्ही रंग चालतात, फक्त मग पुढची पायरी दोनदा वाचा.

पायरी ५ : काळा असेल तर तो मूळचाच काळा आहे का ते तपासा

काळ्याला जास्त पैसे मिळतात म्हटल्यावर क्रोम कॅमेरे रंगवून काळे करून विकणारे असणारच. रंगवणं हा काही गुन्हा नाही, कित्येक लोक हौसेने आणि फार सुंदर रंगवतात आणि विकताना तसं सांगतात. रंगवलेला मूळचा म्हणून विकणं वाईट. माझ्याबाबतीत हे झालंय. मुंबईत एका विक्रेत्याकडून मी काळा स्पॉटमॅटिक घेतला होता, दुकानात ट्यूबलाइटखाली मस्त दिसत होता. घरी आणून खिडकीत धरला आणि रिवाइंड नॉबच्या (फिल्म परत गुंडाळायच्या नॉबच्या) खाली, जिथे नॉबची कड प्लेटला टेकते, तिथे एक केसाएवढी गोल रेघ दिसली. पिवळी नाही, चंदेरी. भिंगातून बघितलं तर खालचा क्रोम तसाच शाबूत होता, त्याच्यावरच काळा फवारलेला. मग एकेक दिसायला लागलं, नावातल्या अक्षरांच्या कडा बुजलेल्या, दोन स्क्रूंच्या खाचेत रंग साचलेला. मी क्रोम कॅमेऱ्याला काळ्याचे पैसे दिले होते. तेव्हापासून मी खालच्या क्रमाने बघतो आणि तुम्हीही बघा.

आधी झीज बघा. पितळेवर काळा पेंट असेल तर झिजलेल्या जागी पिवळं दिसलं पाहिजे. चंदेरी दिसलं तर खाली क्रोम असण्याची दाट शक्यता. ब्लॅक क्रोम आणि ॲल्युमिनियमच्या भागांना हा नियम लागत नाही, त्यामुळे आपल्या मॉडेलचे खात्रीचे मूळ काळे तुकडे कसे झिजतात त्याचे चार-पाच फोटो आधीच बघून ठेवा.

मग झीज कुठे आहे ते बघा. हात, पट्टा, बॅग आणि टेबल जिथे लागतात तिथेच खरी झीज होते, म्हणजे बाहेरच्या कडा, प्रिझमचे कोपरे, पट्ट्याच्या कड्यांजवळ, खालच्या प्लेटची काठ. डायलच्या मागच्या खोबणीत, हॉट-शूच्या (फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) आतल्या कोपऱ्यात बोट पोचतच नाही, तिथे पितळ चमकत असेल आणि बाहेरची कड मात्र काळी असेल तर कोणीतरी सँडपेपर फिरवलाय. चारही कडा सारख्याच झिजल्या असतील तरीही संशय घ्या, उजव्या हाताने धरणाऱ्या माणसाचा कॅमेरा दोन्ही बाजूंनी सारखा झिजत नाही.

तिसरं म्हणजे कोरीव अक्षरं. ही खरोखर भिंग घेऊन बघायची गोष्ट आहे, दहापट दागिन्यांचं भिंग सोनारांच्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतं. कारखान्यातल्या काळ्या कॅमेऱ्यावर अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि आतला पांढरा रंग समान पातळीवर बसलेला असतो. नंतर रंगवलेल्यात रंग अक्षरांच्या पोटात उतरतो, खोली कमी होते, पांढरा रंग कुठे कडेबाहेर सांडलेला दिसतो.

मग लेन्स काढा, खालची प्लेट निघत असेल तर मालकाला विचारून काढा, आणि आत बघा. फवाऱ्याचे कण आतल्या बाजूला उडालेले, माउंटच्या रिंगच्या कडेला रंग, स्क्रूची डोकी ओरबाडलेली, या सगळ्या कॅमेरा उघडल्याच्या खुणा. उघडला म्हणजे रंगवलाच असं नाही, सर्व्हिसिंगलाही उघडतात, पण वरच्या खुणांबरोबर हे आलं की मग शंका उरत नाही.

शेवटी जोडीदार भाग. काळी आणि क्रोम बॉडी आतून एकच असल्यामुळे वरच्या प्लेटची अदलाबदल सहज होते. निकॉन एफ आणि एफ२ चा तर अख्खा फाइंडरच (डोळा लावायचा वरचा भाग) निघतो, त्यामुळे क्रोम बॉडीवर काळा फाइंडर किंवा उलट असे जोडलेले कॅमेरे बाजारात भरपूर आहेत. वापरायला काहीच हरकत नाही, उलट घासाघीस करायला चांगला मुद्दा. फक्त संग्रहासाठी म्हणून पूर्ण किंमत देऊ नका. लायकाचं अजून एक आहे, कारखान्याने काळे एम३, एम२ ठराविक नंबरांच्या गटांत काढले आणि ते गट संग्राहकांना माहीत आहेत, त्यामुळे काळ्या एम३ चा सीरियल नंबर न देणाऱ्या माणसाशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. आणि एवढ्या रकमेचा व्यवहार असेल तर जाणकार माणसाला हातात दाखवल्याशिवाय अजिबात करू नका.

पायरी ६ : सोनेरी, लाल, गरुड-बिरुड असलेला लायका दिसला तर

नवीन लोक यात हमखास अडकतात, म्हणून वेगळं लिहितोय. जुन्या बाजारात सोन्याच्या मुलाम्याचे, लाल किंवा सापाच्या कातड्याचे, जर्मन सैन्याची चिन्हं कोरलेले "लायका" दिसतात, कधी काळे रंगवलेलेही. यातले बहुतेक फेड किंवा झॉर्की नावाचे सोव्हिएत कॅमेरे असतात, नाव खरवडून नवीन नाव कोरलेलं. ओळखायची एक खात्रीची जागा आहे. लेन्स आट्यांवरून फिरवून काढा आणि आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरचा (फोकससाठी अंतर मोजणाऱ्या यंत्रणेचा) छोटा दांडा दिसेल तो बघा. लायकात त्याच्या टोकाला फिरणारं गोल रोलर असतं, फेड-झॉर्कीत पाचरीसारखं चपटं टोक. विक्रेता लेन्स काढू देत नसेल तर विषय संपला. झॉर्की म्हणून झॉर्कीच्या किमतीत घ्यायला मात्र हरकत नाही, साधा क्रोमचा झॉर्की छान कॅमेरा आहे.

पायरी ७ : प्रत्यक्ष घेताना

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जाणार असाल तर सकाळी जा, उजेडात जा, आणि सोबत छोटा टॉर्च, ते भिंग आणि एक पांढरा कागद ठेवा. कागद कॅमेऱ्याशेजारी धरला की काळ्यातला फरक लगेच उठून दिसतो, टॉप प्लेट निळसर काळी आणि खालची प्लेट तपकिरी काळी असं असेल तर दोन वेगळ्या वेळी रंगवलंय किंवा दोन कॅमेऱ्यांचा एक केलाय. क्रोममध्ये तिरका उजेड टाकून पोचे शोधा, विशेषतः प्रिझमच्या टोकावर आणि फिल्टर रिंगवर. क्रोमचा ओरखडा दिसत नाही पण पोचा दिसतो, आणि प्रिझमवर पोचा म्हणजे कॅमेरा डोक्यावर पडलाय, आत व्ह्यूफाइंडरमध्ये भेग आहे का ते लगेच डोळा लावून बघा.

ऑनलाइन घेत असाल तर फोटो मागवताना "अजून फोटो पाठवा" एवढंच लिहू नका, नेमकं सांगा, पट्ट्याच्या कड्यांजवळचा जवळून, रिवाइंड नॉब वर उचलून त्याच्या खालचा, लेन्स काढून माउंटचा, खालच्या प्लेटचा, आणि सीरियल नंबरचा. पाच फोटो. खरा विकणारा पाठवतो. बाहेरच्या देशातून मागवत असाल तर कस्टम ड्युटी आणि पाठवणावळ धरून मगच क्रोम आणि काळ्याच्या किमतीची तुलना करा, कारण ड्युटी किमतीवर लागते, त्यामुळे काळ्यासाठी दिलेल्या जास्तीच्या पैशांवर परत ड्युटी भरावी लागते, हे बरेच जण विसरतात.

पायरी ८ : लेन्सचा रंग

यावर फार डोकं लावू नका. क्रोम बॉडीवर काळी लेन्स छानच दिसते, जपानी एसएलआरच्या (लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यांच्या) बहुतेक लेन्स काळ्याच आहेत. लायका एम वाल्यांनी एवढंच बघावं की रंगाबरोबर वजन बदलतं. लायकाच्या ५० एमएम समीक्रॉनची काळी, ॲल्युमिनियमची लेन्स २४० ग्रॅमच्या आसपास आहे आणि तीच चंदेरी क्रोममध्ये, पितळेची, ३३५ ग्रॅमच्या आसपास. दिवसभर गळ्यात घालून फिरलात तर हे शंभर ग्रॅम संध्याकाळी मानेला कळतात.

पायरी ९ : घरी आणल्यावर

क्रोम असो की काळा, ब्रासोला हात लावू नका. पितळेची समई घासायची ती गोष्ट आहे, कॅमेऱ्याच्या पेंटवर फिरवली तर पेंट जातो आणि क्रोमवर फिरवली तर तो सॅटिन पोत जाऊन चकचकीत डाग पडतो जो परत येत नाही. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, आणि काळ्या पेंटवर स्पिरीटसुद्धा नको, अक्षरांतला पांढरा रंग त्यात विरघळून निघू शकतो. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मऊ ब्रशने खोबणी साफ करा, मग मायक्रोफायबर किंचित ओलसर करून पुसा आणि लगेच कोरड्याने. बहुतेक कॅमेऱ्यांना एवढंच पुरतं. चामड्याच्या कडेला किंवा स्क्रूभोवती हिरवट मेणासारखं साचलेलं असेल तर तो पितळेचा गंज आहे, टूथपिकने हळू खरवडून काढा, सुईने नको. कॉन्टॅक्सच्या चामड्याखाली बारीक उंचवटे दिसले तर तोच गंज खालच्या रिव्हेटवर चढलाय, ते वरून दाबून बसवायचा प्रयत्न करू नका.

घासलेला पेंट भरून काढायचा मोह होईल, मार्कर पेनने वगैरे. करू नका. भरलेला पेंट काढणं नंतर फार अवघड जातं आणि घेणारा पहिल्या नजरेत ओळखतो.

आणि पावसाळा. जूनच्या आधीच कॅमेरा त्याच्या चामड्याच्या केसमधून बाहेर काढा. ते जुने तपकिरी केस कितीही देखणे असले तरी चामडं ओल धरून ठेवतं, लेन्सला बुरशी धरते आणि बॉडीवर केसची बटणं जिथे टेकतात तिथे डाग उमटतात, क्रोमवर करडे आणि काळ्या पेंटवर फुगलेले. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर हे दुप्पट लागू. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तम, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा, नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाला सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक पुरतो. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं, फक्त तो तवा स्वयंपाकाचा नको. पंधरा दिवसांतून एकदा कॅमेरा बाहेर काढा, सगळ्या स्पीडवर शटर दाबा, कोरड्या कापडाने पुसून परत ठेवा, आणि पुसताना कडांकडे बघत जा, काळा असेल तर पहिला पिवळा ठिपका बहुतेक पट्ट्याच्या कडीजवळच दिसेल.